निर्घृण

मंगळवार, संध्याकाळ

परवा वाडीच्या गोदामात एका हमालाला रॉडनं ठेचून मारलं. आमच्या बातम्यांच्या पोर्टलवर 'निर्घृण खून' हा मथळा मीच दिला. फोटोग्राफरनं चेहरा धूसर करून फोटो पाठवला होता, मी हट्टानं मूळ मागवून तोच लावला. ठेचलेलं तोंड, एक डोळा उघडा.

आज त्याची बायको ऑफिसात आली. "मॅडम, पोरीनं बाप मेला हे तुमच्या फोटोतच पाह्यलं. तुमाले दया नाही आली?"

फोटो पोर्टलवरून काढून टाकला. आता कशाला?

घरी येऊन शब्दकोश उघडला. मथळ्यातला तो शब्द रोज वापरते, अर्थ कधी पाहिलाच नव्हता. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. निर्घृण म्हणजे ज्याला दया नाही तो.

तो उघडा डोळा. मारेकऱ्यानं तरी तो पोरीला दाखवला नव्हता.