कपाटामागची भिंत

फरीदाबाद,
जानेवारी २०१४

प्रिय अक्षता,

पत्र बघून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते की इथे सगळं ठीक आहे. बाबांची तब्येत चांगली आहे. धुक्यामुळे त्यांचं सकाळचं फिरणं बंद आहे, त्यामुळे ते दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात फिरत असतात, एवढाच त्रास. आणि मी पास झाले. आज सकाळी कळलं. खरं तर हे सगळ्यात आधी तुला फोनवर सांगायचं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. तू ‘हां आई, बोला’ म्हणालीस की मला जे बोलायचं आहे ते राहून जाईल आणि आपण पुन्हा अर्थिंगवर गप्पा मारत बसू. म्हणून लिहिते आहे. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते, म्हणजे नक्की तुझ्या हातात पडेल. माझं अक्षर लावायला तुला वेळ लागतो, तेव्हा घाईत वाचू नकोस. तू हिंदी शाळेत शिकलेली, एखादा मराठी शब्द अडला तर नेहमीसारखा मला विचार.

या परीक्षेचं खूळ तुझंच. मी रिटायर झाले आणि घरातल्या प्रत्येक दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून बाबांच्या मागे लागले, तेव्हा तूच म्हणालीस, ‘आई, तुम्ही हे लोकांच्या घरात जाऊन करा ना, लोक खुशीने बोलावतील.’ तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लागलेली जाहिरात तू फोनवर वाचून दाखवलीस. फ्लॅटचा ताबा घेण्याआधी तो तपासून द्यायचा, घर तपासणाऱ्याला जाहिरात देणाऱ्या संस्थेचं लायसन्स लागतं, त्याची परीक्षा असते, क्लासही तेच घेतात. मी हसले होते. सरकारी ड्रॉइंग ऑफिसात बसून मी आयुष्यभर घरांचे नकाशे काढले, पण त्यातली किती घरं आतून पाहिली? एकही नाही म्हटलं तरी चालेल. 

आम्ही दोघं या बाजूला आलो तेव्हा तुमच्या गुडगावात सरसोची शेतं होती. बाबा मला स्कूटरवरून तिकडे घेऊन जायचे. रस्त्याच्या कडेला बिल्डरांचे मोठाले बोर्ड असायचे, त्यांवर कारंजी आणि टॉवर, आणि बोर्डाखाली म्हशी बसलेल्या. इथे राहायला कोण येणार, असं आम्ही म्हणायचो. आमचं हे फरीदाबादचं घर आम्ही समोर उभं राहून बांधून घेतलं. विटा भिजवल्या की नाही ते बाबा रोज ऑफिसला जाताना बघायचे. तुमच्या पिढीला ते कसं जमणार? कागदावरचा फोटो बघायचा, सही करायची आणि चार वर्षांनी किल्ली मिळाली की जे असेल ते आपलं म्हणायचं. क्लासला जायला लागल्यावर मला हे पहिल्यांदा नीट समजलं.

त्या क्लासात मी एकटीच बाई, आणि वयाने सगळ्यांची मावशी. पहिल्या दिवशी दिलीप सरांना वाटलं की मी कुणाला तरी सोडायला आले आहे. ‘मॅडम, बच्चे को अंदर भेज दीजिए,’ म्हणाले. मग मी सपाटी बघायची पाणसळ आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा कसा धरायचा ते दाखवलं, तेव्हापासून मला पुढच्या बाकावर जागा मिळाली. भिंती, तुळया, गिलावा, उतार यांत मला काही अडचण नव्हती. अडचण होती इंग्रजी प्रश्नांची आणि विजेची. विजेच्या विभागातच मी जुलैत नापास झाले, हे तुला माहीतच आहे. तुला हे माहीत नाही की त्या दिवशी बसमधून येताना मी ठरवून टाकलं होतं की पुरे झालं. साठीच्या बाईने लोकांच्या मुलांबरोबर बसून पेपर लिहायचे आणि वर नापासही व्हायचं, हे शोभत नाही. घरी येऊन पुस्तकं मी माळ्यावर टाकायला दिली होती. बाबांनी ती टाकली नाहीत, पलंगाखाली सरकवून ठेवली.

आणि रविवारी तू आलीस. आठवतं? मिठाची बाटली म्हणजे मीटर, चमचे म्हणजे वायरी, आणि आमटीचं भांडं म्हणजे जमीन. ‘आई, करंटला परत जायचा रस्ता हवा असतो, बस इतकंच,’ असं म्हणून तू मला एका दुपारी ते शिकवलंस जे मला वर्षभरात कळलं नव्हतं. बाबा आमटी वाढायला मागत होते आणि तू त्यांना सांगत होतीस, ‘बाबा, हात लावू नका, ती अर्थिंग आहे.’ आमचा लेक चिन्मय तेव्हा बाहेरच्या खोलीत फोनवर होता. तुझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे हे मला माहीत होतं, पण तुझ्याकडे इतका धीर आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर रोज तुझ्या लंचच्या सुट्टीत तू फोन करून मला पाच-सहा प्रश्न विचारायचीस. मी चुकले की ‘अच्छा, फिर से’ म्हणायचीस. माझ्या आईनेही माझा अभ्यास कधी असा घेतला नाही.

दिवाळीला तुम्ही दोघं आलात. मला काही दिसलं नाही, खरंच. तू करंज्या तळल्यास, चिन्मयने आकाशकंदील लावला. 

मग नोव्हेंबरात सरावासाठी ओळखीच्यांची घरं तपासायची होती, आणि मी हक्काने तुमचं घर मागितलं. तू आधी म्हणालीस की या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात बघू, आणि मग म्हणालीस की शनिवारी या. मी आले तर तू एकटीच होतीस. चिन्मय ऑफिसच्या कामाने बंगळूरला गेलाय, म्हणालीस. मी टॉर्च, पाणसळ आणि क्लासचं ओल मोजायचं यंत्र घेऊन कामाला लागले. तू चहा करायला गेलीस. बाथरूमच्या शॉवरची भिंत तुमच्या बेडरूमला लागून आहे, आणि त्या भिंतीला चिन्मयचं कपाट आहे. भिंत ओली असेल तर ती आधी अशा बंद कपाटात कळते, कपड्यांना वास येतो. म्हणून मी कपाट उघडलं. कपडे बाजूला सारायला हात घातला आणि बाजूला सारायला काही नव्हतंच. नुसते हँगर. खालच्या खणात बुटांचे ठसे उठलेलं, पिवळं पडलेलं वर्तमानपत्र.

मी यंत्र मागच्या फळीला लावलं. मागे तुझी चाहूल लागली. दोन कप हातात घेऊन तू दारात उभी होतीस. 

‘त्याचे कपडे ड्रायक्लीनला दिलेत, आई,’ तू म्हणालीस.

मी म्हटलं, ‘अच्छा. इथे ओल नाही गं. भिंत कोरडी आहे.’

आणि कपाट बंद केलं. नंतर आपण चहा प्यालो आणि तू मला स्वयंपाकघरातला गिझर दाखवलास. बसथांब्यापर्यंत सोडायला आलीस, आणि बस सुटेपर्यंत तू माझ्या पिशवीचा बंद हातात धरून उभी होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

मी घरी कुणालाच काही बोलले नाही. दिलीप सर सांगतात, दिसलं तेवढंच लिहा, कारणाचा अंदाज बांधू नका. पण अंदाज न बांधणं आईला कुठे जमतं? भाजी निवडताना, पेपर सोडवताना ते रिकामं कपाट डोळ्यासमोर यायचं. चिन्मयला फोन केला की तो नेहमीसारखा बोलायचा, अक्षता कशी आहे विचारलं की ‘मजेत’ म्हणायचा. तू रोज दुपारी फोन करायचीस. मला वाटायचं, आज सांगेल. तू विचारायचीस की एमसीबी कशासाठी असतो. भार वाढला की वीज तोडायला, असं मी उत्तर द्यायची आणि मग मी थोडी थांबायची, तुला जागा मिळावी म्हणून. तूही थांबायचीस. मग म्हणायचीस, ‘चलो आई, कल करते हैं.’ मी ठरवलं होतं की तू स्वतःहून म्हणशील तोवर आपण विचारायचं नाही. तुझं मन आहे, त्याचं दार मी बाहेरून ढकलू नये असं मला वाटलं. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

डिसेंबरच्या शेवटी परीक्षा झाली. लेखी परीक्षेत या वेळी विजेचे प्रश्न मी सगळ्यात आधी सोडवले. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं, गुडगावच्या सोहना रोडवरच्या एका नव्या टॉवरमध्ये. तिथे फ्लॅटचे मालकही हजर होते, माझ्याच वयाचं एक जोडपं, मुलासाठी घेतलेलं घर बघायला आलेलं. बाईंनी देवासाठी कोनाडासुद्धा ठरवून ठेवला होता. मी बाल्कनीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते निचऱ्याच्या जाळीकडे जायचं सोडून सरळ खोलीत आलं. उतारच उलटा. बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, ‘बहनजी, अच्छा हुआ आज दिखा. अभी चाबी नहीं ली है, ठीक हो जाएगा.’ परीक्षकांनी ते टिपून घेतलं. घरी येताना मला तुला हे कधी सांगते असं झालं होतं.

पण त्या रविवारी तुझ्याऐवजी चिन्मय आला. एकटा. जेवायच्या टेबलाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर तो नोएडाला राहायला गेलाय, परत यायचं त्याच्या मनात नाही, भांडण असं काही नाही, तुझा काही दोष नाही. हे तो तीनदा म्हणाला. मी त्याला विचारलं की मग इतके दिवस का लपवलंत? तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, ‘मी लगेच सांगणार होतो. अक्षता म्हणाली, आईंची परीक्षा होऊ दे. त्या एकदा नापास झाल्यात, आता हे कळलं तर त्या पुस्तक उघडणार नाहीत.’

अक्षता, मी इकडे तू बोलावंस म्हणून थांबले होते, आणि तू तिकडे माझा पेपर व्हावा म्हणून थांबली होतीस. आपल्या दोघींच्या मध्ये रोज दुपारी तो फोन चालू होता. रोज रात्री रिकाम्या घरी परतत होतीस आणि दुपारी मला विचारत होतीस की दोन वायरींच्या सॉकेटमध्ये काय कमी असतं. हे कळल्यावर मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बाबांनी चिन्मयला एवढंच विचारलं, ‘ती जेवते कुणाबरोबर?’ त्याला वाढलेलं ताट तसंच राहिलं, आणि जाताना बाबा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले नाहीत.

तो माझा मुलगा आहे. त्याच्यावर मी किती दिवस रागावून राहू शकेन, मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात कदाचित मी त्याला डबाही पाठवीन. ते तुला कळलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. पण त्याची वकिली मी तुझ्याकडे करणार नाही, आणि तू परत जुळवून घे असंही सांगणार नाही. नागपूरला तुझ्या आईबाबांना तू अजून काही सांगितलेलं नाहीस, हेही त्याच्याकडूनच कळलं. ते तुझ्या सोयीने सांग. मी बरोबर यावं असं वाटलं तर मी येईन. नको वाटलं तर नको.

आता मी हे पत्र ज्यासाठी लिहायला बसले ते. चिन्मय म्हणाला की तो फ्लॅट विकायचं चाललंय आणि तू तिकडच्याच सुशांत लोक वसाहतीच्या बाजूला भाड्याने घर बघते आहेस, एक-दोन घरं पसंतही पडली आहेत. अक्षता, माझ्याशिवाय कुठेही सही करू नकोस. इकडे ये, आमच्याजवळ राहा, असं म्हणायचा मोह मला होतोय, बाबांना तर फारच होतोय, पण तुझं ऑफिस तिकडे आहे आणि तुला तुझं स्वतःचं घर हवं असेल तर ते योग्यच आहे. फक्त ते चांगलं असू दे. गच्चीखालचं घर घेऊ नकोस, उन्हाळ्यात भाजून निघशील. दाराची कडी आतून नीट बसते का, बाथरूमच्या मागची भिंत कोरडी आहे का, रात्री परतताना जिन्यात दिवा असतो का, हे मला बघू दे. लायसन्स मिळाल्यावरचं माझं पहिलं घर तुझं असावं, अशी माझी इच्छा आहे. पत्र मिळालं की कळव, त्याच शनिवारी सकाळच्या बसने मी येते. तू नेहमीच्या थांब्यावर ये. दलालाने ‘ये आपकी कौन हैं?’ असं विचारलं, तर तुला जे सांगावंसं वाटेल ते सांग. मी शेजारी उभी राहून मान डोलवीन.

तुझीच,
आई