दुसरी फोर्ड कुठं लपवू?

वडपे, रविवार

आदरणीय रामदासदादा,

सुगतचा सविनय जयभीम. कौसल्यावहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं खुशाल, म्हणजे तुमची बहीण वनिता खुशाल आहे. माझी झोप उडाली आहे. (फोन केला नाही, कारण माझं बोलणं वनिताला स्वयंपाकघरातूनही ऐकू जातं, आणि माझे मेसेज माझ्या आधी तीच वाचते. म्हणून खाली गाडीत बसून लिहितोय. पत्र टेम्पोवाला पंढरी आजच आणून देईल.)

दादा, माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. गाडी घ्यावी तर अमेरिकन. वजनदार, वळणावर रस्ता धरून राहणारी. पण आपल्या लोकांना मायलेज पाहिजे, विकताना भाव पाहिजे. मग काय होणार? आधी शेवरोलेनं इथला बाजार सोडला, मग फोर्डनं. फोर्डची बातमी आली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे वनिता अजून पाहुण्यांना हसून सांगते. खुद्द अमेरिकेत पॉन्टियाक गेली, ओल्ड्समोबाइल गेली. (मी त्यांत कधी बसलो नाही, तरी जीव हळहळतो.) तेव्हापासून माझी फोर्ड मी जीव मुठीत धरून चालवतो. कुठं जरा खट् झालं की गाडी थांबवून बॉनेट उघडतो. पार्ट मिळतात म्हणतात, पण उद्या नाही मिळाले तर? म्हणून, रागावू नका, नारपोलीतल्या एका पॉवरलूमवाल्याची बंद पडलेली फोर्ड मी घेतली. माझ्याच मॉडेलची, माझ्याच रंगाची. चालवायला नाही हो, सुटे भाग काढायला.

पण वनितानं मला आधीच निक्षून सांगितलंय, की असली आणखी एक गाडी आणलीत तर मी सरळ दिघाशीला दादाकडं जाईन, आणि परत यायची न्हाय. ती बोलते तसं करते, हे तुम्ही तिच्या लहानपणापासून बघताय. काल पंढरीच्या टेम्पोला दोर बांधून गाडी आणत होतो, तर नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये समोरच्या रिक्षात कोण? वनिता! हॉस्पिटलची ड्युटी संपवून निघालेली. मी स्टिअरिंगखाली असा वाकलो की शेजारचा कंटेनरवाला ओरडला, "अरे भाई, अंदर कोई है क्या?" मी आणखी खाली सरकलो.

कशीबशी गाडी मी काम करतो त्या गोडाऊनमध्ये नेली आणि ताडपत्रीखाली झाकली. संध्याकाळी वनिता म्हणाली, "अहो, आपली गाडी ओढून नेत होते का? बंद पडली?" मी घाबरून हो म्हटलं. तिनं खिडकीतून खाली पाहिलं, तर गाडी जागेवर ठणठणीत. "एवढ्यात दुरुस्तपण झाली?" मी म्हटलं, "अमेरिकन आहे." त्यावर ती हसून स्वयंपाकघरात गेली. दादा, ती अशी हसते तेव्हा मला जास्त भीती वाटते. तब्येतीला जपा.

आपला,
सुगत

ता. क. : महत्त्वाचं राहिलंच. गोडाऊनचा मालक मंगळवारी येतोय. ती गाडी तुमच्या शेडमध्ये दोन महिने ठेवता येईल का? वनिता रुसून माहेरी आलीच, तर तिला तेवढं शेडकडं जाऊ देऊ नका.

ता. क. दुसरा : दादा, घात झाला. वनिता खाली आली, शेजारच्या सीटवर बसली आणि तिनं पत्र हातातून घेऊन सगळं वाचलं. आता ही बॅग भरते, असं वाटलं. तर म्हणाली, "दादाच्या शेडमध्ये जागा न्हाय." तिथं म्हणे महिनाभर तिची गाडी उभी आहे! स्वतःच्या पगारातून घेतलेली, छोटी, जपानी. मला का नाही सांगितलंस, म्हटलं, तर रडायलाच लागली. "तुमच्या भाषणाची भीती वाटते. माझ्या गाडीला नावं ठेवली असती तर मला सहन झालं नसतं." दादा, मला फार वाईट वाटलं. मी तिला घाबरत होतो आणि ती मला. आणि तुम्ही महिनाभर गप्प!

माझ्या दुसऱ्या फोर्डचं काय, ते ती अजून बोललेली नाही. उद्या आम्ही रिक्षानं दिघाशीला येतोय. परत येताना तिची गाडी ती चालवणार, मी शेजारी बसणार, आणि वडप्यापर्यंत गाडीविषयी एक शब्द काढायचा नाही, असं कबूल करून बसलोय. हे मला एकट्याला जमणार नाही. तुम्ही मागच्या सीटवर बसाल का?