दोन आठ

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार

सव्वासहाला माझा हात उठला आणि रणजीतच्या डाव्या कानाखाली बसला. तिथून सगळं फिरलं.

कारण काय, तर कॅप्टन ओडेल! लिहितानाही लाज वाटते. 'एरिडानस' — दीपेशच्या मस्कतच्या चुलतभावानं पाठवलेल्या टेपांवरची अंतराळातली सिरीयल. मी दीपेशच्या केबलवर कामाला. दर रविवारी पाचला ती लावतो आणि धावत सोसायटीच्या ऑफिसात येतो, बाकीच्यांबरोबर बघायला. सातव्या टेपेत ओडेल मेला. गेल्या रविवारी आठवी लावली — ओडेल जिवंत! हसतोय, कॉफी पितोय! आज त्याच टेपेचा उरलेला भाग होता.

सुनयना आठवडाभरात वही भरून आली होती. दोन रकाने. पहिला काळ, दुसरा काळ. "काळाला फाटा फुटलाय. हा दुसऱ्या काळातला ओडेल."

रणजीत म्हणाला, "मग कपाळावरचा व्रण कुठं गेला? तो पाचव्या टेपेत पडला. म्हणजे ही टेप पाचवीच्या आधीची. फाटा-बिटा काही नाही!"

"दुसऱ्या काळात जखमच झाली नसेल."

"बरोबर! बरोबर!" सगळे तिच्या बाजूनं. मग रणजीत माझ्याकडे वळला. "ह्या धन्याला विचारा ना. सेकंड इयरला कॉलेज सोडलं, ह्याला आकडे तरी वाचता येतात का?"

सुनयनासमोर!

तो कान धरून खालीच बसला.  सुनयना बघत होती माझ्याकडे. मला तर कौतुकच वाटलं ते.

१३ फेब्रुवारी

घणसोली गावात दीपेशच्या माडीवर आमची केबलची कंट्रोल रूम. सकाळीच गेलो. रणजीतला खोटं पाडायचं होतं.

चार नंबरची टेप मला कधी मिळालीच नव्हती. आली नसेल म्हणून तिसरीनंतर पाचवी लावली होती. आणि आठ नंबरच्या दोन निघाल्या, म्हणून एक डुप्लिकेट समजून बाजूला टाकली होती. ती आज घातली. ओडेलचा अंत्यविधी! म्हणजे खरी आठवी ही. मग मी लावली ती कुठली?

खिडकीशी नेऊन लेबल बघितलं. बाकी सगळ्या टेपांवर इंग्रजी आकडे. हिचं लेबल कधीतरी गळून पडलं असणार, दीपेशच्या वडिलांनी, वामनकाकांनी, नवीन चिकटवलंय. मराठीत. ४. मराठी चार — आणि मी वाचला इंग्रजी आठ!

आकडे वाचता येतात का, म्हणाला होता.

दीपेशला सांगितलं. "मंग काय झायला? टेप चालली ना? कोनाची कंप्लेन हाय का?"

एकाची होती.

१४ फेब्रुवारी

सुनयनाला सांगायला गेलो. तिच्या बिल्डिंगच्या गेटवरून परत आलो.

१६ फेब्रुवारी

सुनयना आली! स्वतःहून, माडीच्या जिन्यापाशी.

"रणजीतच्या कानाचा पडदा फाटलाय. त्याची आई रडत होती." मग म्हणाली, "पण त्यानंही तुला तसं बोलायला नको होतं."

दोन वर्षं ह्या मुलीनं माझ्याकडे धड बघितलं नव्हतं. आज वही दिली वाचायला. समासात एका ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलंय, 'हे धनाजीला विचारायचं'. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

सांगायचं होतं. वही घेऊन वर आलो. सांगितलं तर ही वही रद्दी होणार. मग माझ्याकडे ती कशाला येईल?

रणजीत हवाई दलाची, एअरमनची लेखी परीक्षा पास झालाय. सत्तावीसला मेडिकल. पडदा भरतो म्हणतात आपोआप. भरेल.

१९ फेब्रुवारी, रविवार

खरी आठवी हातात होती. लावली असती तर सगळं उघड झालं असतं. नववी लावली.

ऑफिसात गोंधळ. "अरे, आता परत मेला हा?" सुनयना शांतपणे म्हणाली, "आपण पहिल्या काळात परत आलोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. रणजीत आला नव्हता. कुणी विचारलंही नाही.

२३ फेब्रुवारी

आप्पांना कुठून तरी कळलं. जेवताना म्हणाले, "म्या जलमभर मार्केटात पोती वाहिली, पर कुनावर हात न्हाय उचलला. जा, त्याच्या आईचं पाय धर."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!" ताट सरकवून उठलो.

काळ, फाटा, ओडेल — ह्यातलं त्यांना काहीच माहीत नाही. कळायचं तेवढं बरोबर कळलंय.

२७ फेब्रुवारी

अनफिट. डावा कान.

दीपेश सांगत आला, "तुज्या दोस्ताचा गेम झाला रं." पुढच्या भरतीला रणजीतचं वय बसत नाही. ही शेवटचीच होती. आणि डॉक्टरला त्यानं सांगितलं, जिन्यावरून पडलो. माझं नावच घेतलं नाही! घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याच्यावर चिडता आलं असतं.

खरं बोलला म्हणून कान गेला त्याचा. आणि तो खरं बोलला हे, दीपेश सोडला तर, सबंध घणसोलीत एकट्या मला माहीत.

१ मार्च

सुनयनाला सगळं सांगितलं. टेप दाखवली. तिनं लेबलाकडे बघितलंही नाही.

"माहितीय."

"कधीपासून?"

"त्या रविवारच्या आदल्या शनिवारपासून. रणजीतनं घरी येऊन समजावलं होतं. पटलंही होतं मला. पण सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? आणि मारलंस तू. मी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं.

तिची वही तिला देऊन आलो. आता रणजीतकडे. मला बघून तो आत जाईल. गेला तर त्याच्या आईला सांगेन, मग ऑफिसात, सगळ्यांसमोर. निघालो. दार ओढून घेतो.