पहिल्या तासाची झोप

२१ नोव्हेंबर २०११, सोमवार

पुन्हा तेच! सातवी ब, पहिला तास, आणि मागच्या बाकावर प्रांजल गाढ झोपलेली. शेजारची दोघंही. बाकीचे नुसते पेंगतात, ही तिघं चक्क घोरतात. राग येत नाही, पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

२२ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत प्रांजलला विचारलं. उलव्याकडची, कोळ्याची पोर. गावात शाळा चौथीपर्यंतच. "बाई, आमी तिघं म्हावऱ्याच्या टेम्पोतून येतो ना. आई हितं मासळीबाजारात बसते. टेम्पो अंधारातच निघतो."

म्हणजे झोप कमी! साधी गोष्ट. मग सातची शाळा साडेआठला का भरू नये? सगळ्यांनाच बरं.

सत्यजीत, माझा नवरा, जेवताना म्हणाला, "तू शिकवायला जातेस की झोपा मोजायला?" मी ताट उचललं आणि नवं वेळापत्रक मांडायला बसले.

२५ नोव्हेंबर

मुख्याध्यापक दिनानाथ सरांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. आमची शाळा साडेआठला भरली, तर दुपारची पाळी सुटायला अंधार होणार. "दिवे कोण लावणार? शिपाई थांबला तर जादा पैसे कोण देणार?"

खरंच की! वेळेलाही खर्च असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

ट्यूबलाइट मिळाल्या! शिपायाचं पालक संघ बघणार. आणखी कसला खर्च निघतो का म्हणून सगळ्यांना विचारून झालं. सर शेवटी म्हणाले, "घ्या, महिनाभर करून बघा."

५ डिसेंबर, सोमवार

नवी वेळ सुरू. प्रांजल टक्क जागी! टेम्पो नेहमीच्याच वेळी आला, पण ही आईच्या मागे गोणपाटावर मस्त झोपून मग शाळेत आली. अंगाला मासळीचा वास, डोळे लख्ख. तास चालू असताना हात वर — "बाई, भरती रोज थोडी उशिरानं का येते?" वर्षभरातला तिचा पहिला प्रश्न. मी इतकी खूश की घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

९ डिसेंबर

शाळा सुटताना प्रांजलची आई, रंभा, फाटकाशी उभी. टोपली रिकामी, तोंड उतरलेलं.

"बाई, टेम्पो बाराला परत जातो, नि शाळा आता दीडला सुटते. टेम्पोवाला बाळू दोन दिस थांबला, मग बाकीच्या बाया भडकल्या. काल टेम्पो गेला नि तिघा पोरांना डंपरवाल्यानं घरी सोडलं. रस्त्यानं सगळी कामं चालू, अनोळखी मानसं. आज मी थांबले. रोज कशी थांबू?"

डंपर! सगळ्यांना विचारलं होतं मी. हिला नाही.

१२ डिसेंबर

सरांना म्हटलं, जुनी वेळ करू या. ते चक्रावले. "अहो, पालक खूश आहेत! तीन मुलांसाठी?" वाहनाचं विचारलं, तर त्याला पैसे नाहीत. मी खूप भांडले. उपयोग शून्य.

१५ डिसेंबर

आज तपासणीला साहेब आले. पहिल्या तासाला वर्गात फिरले आणि खूश होऊन म्हणाले, "एकही मूल झोपलेलं नाही! वेळ कायम करा."

तिघांचे शाळा सोडल्याचे दाखले काल गेले.