मोजणीला पंच मिळाला नाही

आप्पा, आज मी पंचनाम्यावर सही केली नाही. तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गावची पोलीस पाटीलकी माझ्याकडे आली. पंच म्हणून सही करायची, नाहीतर दोन माणसं गोळा करून द्यायची, हे त्या कामातलं नेहमीचंच. आज दोन्हीला नाही म्हणाले. केंद्राच्या नव्या रस्त्याची मोजणी होती. तुम्ही असता तर साहेबांच्या आधी तुम्हीच मला झापलं असतं.

तुम्ही सरकारी माणसाला कधी नाही म्हणाला नाहीत. कालव्याच्या मोजणीचा दिवस मला आठवतो. साहेब स्वयंपाकघराच्या दारापाशी बाजेवर बसलेत, आई चहा गाळतेय आणि मी हुरड्याचं ताट घेऊन उभी आहे. हुरडा शेजारच्या काकूंनी सकाळीच त्यांच्या रानातून आणून दिलेला. साहेब तो खात होते आणि त्याच रानाबद्दल लिहीत होते, जमीन पडीक, पीक नाही. रानात जाऊन बघू, असं त्यांच्याबरोबरचा एक जण म्हणालाही. तुम्ही म्हणालात, "सरकार दारात आलंय, त्याला ढेकळातनं कशाला हिंडवायचं?" आणि बसल्या जागी सही केलीत. मी ज्वारीचं बोलले, तर म्हणालात, "लेकरानं कागदात तोंड घालायचं न्हाय." उभ्या पिकात खोदाई झाली, आणि कागदावर पीक नाही म्हणून भरपाईही मिळाली नाही. काकू पुन्हा आपल्या अंगणात आल्या नाहीत.

या वेळी ग्रामसभेनं आधीच मतदान घेतलं. ठराव साधा होता. मोजणीला कुणी आडवं पडायचं नाही, पण टेप धरायची नाही, बांध दाखवायचे नाहीत, पंच व्हायचं नाही. मत गुप्त हवं आणि लिहिता न येणाऱ्या म्हाताऱ्या बऱ्याच, म्हणून पडद्याआड घागर ठेवली. ठरावाच्या बाजूनं ज्वारीचा दाणा, विरोधात तुरीचा. एका आजीनं विचारलं, मूठभर टाकली तर चालंल का. घागर पालथी केली, तर सगळ्या ज्वारीत तुरीचे चार दाणे.

आजचे साहेब तरुण, बोलायला नीट. ठराव वाचून म्हणाले, गावाचा कागद केंद्राला लागू होत नाही. मी म्हणाले, "तुमाला न्हाय, आमाला लागू हाय. तुमी मोजा की, कोण अडवतंय?" पद जाईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हणाले, "जाऊ द्या. पण या गावात पंच मिळायचा न्हाय." दुपारपर्यंत थांबून ते जळकोटकडं पंच शोधायला गेले. उद्या बाहेरची माणसं घेऊन येतील. येऊ देत. बांध दाखवणार नाही, पण बसल्या जागी सहीही करू देणार नाही, उभं पीक बघायला त्यांना रानारानातून चालवीन.

हे पत्र मी कपाटात ठेवतेय. गावात कुणाच्या हाती लागायला नको. तुरीच्या त्या चार दाण्यांतला एक माझा होता, आप्पा. पडद्याआड एकटी होते, तेव्हा मला पाटीलकी सोडवली नाही.