खाडीकाठचं वाचन

बाळाराम दादूस,

तू खाडीत बुडालास त्या दुपारी आपण दोघंही प्यायलो होतो. तू हाका मारत होतास आणि मला वाटलं, मस्करी करतोस. मी काठावर हसत बसलो. हे कुणालाच सांगितलेलं न्हाय.

वर्ष झालं, पास्टरांनी पवित्र शास्त्र हातात दिलं आणि माझी दारू सुटली. तरी अंजूरच्या खाडीच्या बांधावर गेलो की पाण्यातून तुझा आवाज येतो, "राघो, एक घोट घे ना." मी घाबरून मोठ्यानं शास्त्रातलं वचन वाचतो, तेव्हा तो थांबतो.

काल वाचताना रडू आलं, म्हणून गप्प झालो. तू हळूच म्हणालास, "पुढं वाच."

दिवस मावळेपर्यंत वाचलं. माझ्या शेजारची माती ओली होत गेली, भिजलेलं माणूस येऊन बसावं तशी.

तुझा धाकला,
राघो