सुमनचे दहा आकडे

शुक्रवार, नारपोली, १९८९

आज आठवड्याची सुट्टी, लूम बंद, म्हणून कंबर दाखवायला गेलो. तीन महिने रोज उताणा पडून कंबर वर उचलतोय, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवतोय, तरी दुखणं जागचं हलत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करून दाखवा. दाखवला, तर त्या हसायलाच लागल्या. "अहो, दहा आकडे एवढ्या घाईत? कोण मागे लागलंय?"

आता त्यांना काय सांगू? वीस वर्षं कापडाच्या लूमवर उभा आहे, माझे आकडे इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या खटखटीवरच चालतात. म्हणजे इतके दिवस दहा म्हणून मी धड चारसुद्धा... जाऊ दे.

घरी येऊन बायकोला म्हटलं, सुमन, तू मोज. चूक तिथेच झाली.

सातपर्यंत सरळ मोजलं. मग म्हणाली, "आठ... अकलोलीला माझ्या माहेरी किती दिवसांत न्हाय गेलो?" मी कंबर वरच धरलेली. एसटीचे धक्के सोसत नाहीत म्हणून दरवेळी मीच टाळतो ना! "नऊ... तिथं गरम पाण्याची कुंडं हायेत, कंबर चांगली शेकंल." माझ्या मांड्या लटपटायला लागल्या. मधेच खाली टेकलं तर पुन्हा पहिल्यापासून, असं बाईंनी बजावलेलं.

"अगं, दहा म्हण!"

"म्हणते की. कधी जायचं?"

"पुढच्या शुक्रवारी!"

तेव्हा कुठे दहा झाले.

रोज असं दहा वेळा करायचंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.